सात की पाच? गिअरचं गणित चरख्याकडून

धाम नदीवर मी ७:१ चं रीळ नेलं. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे. पण खोल जाणारा क्रँकबेट पाण्याला अडतो. तासाभरात मनगट भरून आलं.

का, ते वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे बघताना कळलं. गांधीजींनी ते १९३८ मध्ये उघडलं. त्याआधी १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अट काय? आठ तासांत १६,००० फूट सूत, तेही कातणाऱ्याला फार न दमवता! बक्षीस कुणालाच मिळालं नाही. वेग वाढवला की भार हातावरच येतो ना.

मी आता ५:१ वापरतो. दोरी हळू येते, पण मनगट संध्याकाळपर्यंत टिकतं.