दुधाचा पेला आणि सहा तासांची पाळी



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला, की संप, बोनस आणि महागाईभत्ता यांपैकी काहीतरी कानावर येणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आजचा माझा विषय मात्र स्वयंपाकघरातला आहे. भाजलेल्या धान्याच्या चवीचे गार, फेसाळ दूध, ज्याला आपली मुले 'मिल्कशेक' म्हणतात, ते घरी कसे करावे आणि ते या जगात आले कसे, याची हकीकत मी सांगणार आहे. ती सांगताना कामगाराची गोष्ट मध्ये आलीच, तर तो दोष माझा नव्हे, इतिहासाचा आहे!

प्रथम कृती सांगतो, म्हणजे भगिनीवर्ग आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याचे धैर्य असलेले बंधूही स्वस्थ चित्ताने पुढचे ऐकतील. तीन वाट्या कॉर्नफ्लेक्स घ्यावेत आणि कोरड्या तव्यावर मंद आंचेवर खमंग वास सुटेपर्यंत परतावेत. ते निवले म्हणजे अर्धा लिटर गार दुधात घालावेत आणि वीस मिनिटे तसेच ठेवावेत. मग गाळणीतून दूध गाळून घ्यावे. चोथा फार पिळू नये, नाहीतर पिठूळपणा दुधात उतरतो. त्यात दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालावे. मीठ विसरू नये. धान्याची चव त्यानेच पुढे येते. शेवटी बर्फ किंवा आईस्क्रीम घालून मिक्सरमध्ये फिरवावे. मिक्सर नसेल तर ताकाची रवी आहेच. उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात खपतो.

या कृतीत दूध, धान्य आणि साखर हे तीन पदार्थ उघड दिसतात. चौथा दिसत नाही. तो म्हणजे वीस मिनिटांचा वेळ. आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हा चौथा पदार्थच आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

धान्य दुधात भिजवून खाण्याची ही जी तऱ्हा आहे, तिचा आधुनिक अवतार अमेरिकेत झाला, आणि तोही आजाऱ्यांच्या आश्रमांत. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल या गावी जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे डॉक्टर जलोपचाराचे आरोग्यधाम चालवीत. १८६३ साली त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची भाकरी दोनदा भाजून, फोडून, तिचे खडे केले आणि त्यांस 'ग्रॅन्युला' हे नाव दिले. हे खडे इतके कठीण, की रात्रभर दुधात भिजत घातल्याशिवाय दात लागू नये. न्याहारी हवी तर आदल्या रात्रीच तिची आठवण ठेवावी लागे.

हा त्रास मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावी संपला. तेथे सेव्हन्थ डे ॲडव्हेन्टिस्ट पंथाचे आरोग्यधाम होते आणि १८७६ पासून त्याचा कारभार डॉ. जॉन हार्वे केलॉग पाहत होते. त्यांचा धाकटा भाऊ विल्यम कीथ केलॉग हा त्यांच्या हाताखाली सुमारे दोन तपे राबला. हिशेब, पत्रव्यवहार, मालाची रवानगी, सारे त्याच्या गळ्यात. मान मात्र थोरल्याला. १८९४ साली उकडलेला गहू तसाच राहून शिळा झाला. टाकून देण्याऐवजी तो लाटण-यंत्रातून काढला, तेव्हा अखंड पोळी न होता दाण्यादाण्याची वेगळी पापडी निघाली. राहिल्या वेळात दाण्यातला ओलावा आतबाहेर सारखा मुरला होता, हे त्याचे कारण. आपल्याकडे पोहे करणाराला हे नवे नाही; भात भिजवून मुरू दिल्याशिवाय पोहा नीट चपटा होत नाही. पुढे गव्हाच्या जागी मका आला. धाकट्याने त्यात साखर घालायचे म्हटले, थोरल्याने पथ्याच्या नावाने विरोध केला, आणि भाऊबंदकी माजली. १९०६ साली विल्यम केलॉगने स्वतःची कंपनी काढली.

त्याच गावात चार्ल्स विल्यम पोस्ट हा गृहस्थ रुग्ण म्हणून आला आणि कारखानदार झाला. १८९७ साली त्याने 'ग्रेप-नट्स' बाजारात आणले. त्यात ना द्राक्ष, ना बदाम. गहू आणि मोड आणलेले जव एवढेच. हा पोस्ट कामगार संघटनांचा कट्टर वैरी होता; संघटनांविरुद्ध तो वर्तमानपत्रांत पदरच्या पैशाने जाहिराती छापी. पथ्याच्या अन्नातून माणसाचे मन आपोआप मृदू होते, असे मानण्याचे कारण नाही.

आता दुधाच्या बाजूकडे वळू. धान्याला मोड आणले की त्यात अशी द्रव्ये तयार होतात, की ती पिठाचे रूपांतर साखरेत करतात. असे धान्य वाळवून भाजले म्हणजे त्यास माल्ट म्हणतात. ही विद्या आपल्या आयाबायांना ठाऊक होती; नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून केलेले सत्त्व बाळंतिणीला आणि बाळाला कोणी द्यायला लावले? कोणत्याही कंपनीने नव्हे. पण त्याचा व्यापार केला तो इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या विल्यम आणि जेम्स हॉर्लिक या दोघा भावांनी. १८७३ साली त्यांनी शिकागोत धंदा मांडला, मग विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन गावी कारखाना नेला, आणि १८८३ साली दूध व माल्ट एकत्र आटवून पूड करण्याचे पेटंट मिळविले. लहान मुले आणि दुखणाईत यांच्यासाठी केलेली ही पूड नासत नसे, म्हणून ध्रुवाकडे जाणाऱ्या प्रवाशांनीही ती बरोबर नेली. स्वातंत्र्यानंतर पंजाबात नाभा येथे तिचा कारखाना निघाला, आणि आपल्या मध्यमवर्गाच्या फडताळात ती बाटली मानाने जाऊन बसली.

दुखण्याचे औषध चैनीचे पेय कसे झाले? अमेरिकेत औषधांच्या दुकानांतच सरबते विकण्याची चाल होती, त्यामुळे पूड आणि पेला शेजारी शेजारी आले. त्याच रॅसीन गावी हॅमिल्टन बीच कंपनीने विजेवर पेये घुसळण्याचे यंत्र काढले, आणि १९२२ साली तिथल्याच स्टीफन पोप्लाव्स्की याने तळाशी पाते बसविलेल्या मिक्सरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी शिकागोच्या वॉलग्रीन दुकानात आयव्हर कूल्सन या नोकराने माल्टच्या दुधात आईस्क्रीम घातले, असे सांगतात. पुढे १९५४ साली अशीच घुसळणयंत्रे विकत फिरणारा रे क्रॉक नावाचा विक्रेता, एका दुकानाला एकदम आठ यंत्रे कशाला लागतात हे पाहायला कॅलिफोर्नियात गेला. ते दुकान मॅकडॉनल्ड बंधूंचे होते. पुढचे सर्वश्रुत आहे. आणि न्यूयॉर्कमध्ये २००८ साली 'मिल्क बार' नावाचे दुकान उघडले, त्यात क्रिस्टिना टोसी या बाईंनी भाजलेले कॉर्नफ्लेक्स भिजवून गाळलेले दूध आणि त्याचे आईस्क्रीम विकून नाव मिळविले. न्याहारीच्या वाडग्याच्या तळाशी उरणारे, मुले चाटूनपुसून पितात ते दूध, त्याला त्यांनी पेल्यात मानाची जागा दिली. मघाशी सांगितलेली कृती त्याच वळणाची.

येथवर ही चवीची कथा झाली. आता मी माझ्या घरच्या रस्त्यावर येतो.

१९२९ साली अमेरिकेत मंदी आली. कारखाने बंद पडले, लक्षावधी माणसे रस्त्यावर आली. अशा वेळी मालक काय करतो, ते मुंबईतल्या माणसाला सांगायला नको. केलॉगच्या कारखान्याने मात्र दुसरेच केले. १ डिसेंबर १९३० पासून तेथे आठ आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा सहा तासांच्या चार पाळ्या सुरू झाल्या. चौथ्या पाळीसाठी गावातल्या बेकारांना कामावर घेतले. तासाचा दर साडेबारा टक्क्यांनी वाढविला.

येथे थोडे गणित करू, कारण मालकाच्या औदार्याचे मोजमाप गणितानेच करावे. पूर्वी आठ तासांचे आठ रुपये मिळत असतील, तर आता सहा तासांचे सहा रुपये बारा आणे. म्हणजे मजुरी घटली, पण वेळ घटला त्याच्यापेक्षा कमी. वेळ पंचवीस टक्क्यांनी कमी झाला, मिळकत सुमारे सोळा टक्क्यांनी. १९३५ साली मालकाने जाहीर केले, की काम इतके चोख होऊ लागले आहे, अपघात इतके कमी झाले आहेत, की पूर्वी आठ तासांना देत होतो तेवढे आता सहा तासांना देणे परवडते. थकलेला माणूस महाग पडतो, हे आम्ही सभांतून ओरडून सांगतो. येथे ते मालकाच्या खतावणीतून निघाले!

आणि त्या दोन तासांचे लोकांनी काय केले? १९३२ साली अमेरिकी सरकारच्या महिला-कामगार विभागाने तेथल्या कामकरी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा बहुतेकींनी सहा तासांनाच पसंती दिली. घरची बाग, शिवणटिपण, मुले, शेजार, वाचन यांना वेळ मिळू लागला होता. कामगाराला वेळ दिला तर तो गुत्त्यात घालवील, ही भविष्यवाणी बॅटल क्रीकमध्ये खरी ठरली नाही. १९३३ च्या एप्रिलमध्ये तर आठवड्याला तीस तासांचे विधेयक अमेरिकेच्या सिनेटने मंजूर केले होते; पुढे त्याचा कायदा झाला नाही.

मग हे टिकले का नाही? महायुद्धात देशाच्या गरजेसाठी पुन्हा आठ तास आले. युद्ध संपल्यावर १९४६ साली कामगारांनी मतदान करून मोठ्या बहुमताने सहा तास परत मागून घेतले. परंतु आता व्यवस्थापनाची नजर बदलली होती. पेन्शन आणि विमा यांचा खर्च माणशी पडतो, तासावर पडत नाही. तेव्हा चार माणसांपेक्षा तीन माणसे जास्त वेळ राबविणे स्वस्त. खात्यामागून खात्याला जादा पैशाचे आमिष दाखविले गेले. पुरुष म्हणू लागले, सहा तासांची पाळी म्हणजे बायकांची पाळी. आणि संघटनेनेही हळूहळू तासांचा आग्रह सोडून दरांचा धरला. एक एक खाते आठ तासांकडे गेले. शेवटी उरले सुमारे पाचशे तीस कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. १९८५ साली त्यांचीही सहा तासांची पाळी संपली. चोपन्न वर्षे चाललेली गोष्ट. पण 'हे अशक्य आहे' असे म्हणणाऱ्यांना तिचे नावही ठाऊक नसते.

याच कंपनीच्या चार कारखान्यांतील सुमारे १,४०० कामगार ५ ऑक्टोबर २०२१ रोजी संपावर गेले आणि २१ डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. तंटा मुख्यतः जुन्या आणि नव्या कामगारांच्या वेतनातील भेदाचा होता. पण आठवड्याचे सातही दिवस, बारा बारा, सोळा सोळा तास काम करावे लागते, अशी तक्रार कामगार करीत होते. ज्या गावात एकेकाळी सहा तासांनी घरी जाणारी पाळी होती, तेथली ही तक्रार!

आपल्याकडे पाहू. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला. १९२२ साली अकरा तास, १९३४ साली दहा, १९४६ साली नऊ, आणि आठवड्याला ४८. प्रत्येक पायरीवर धंदा बुडेल असे सांगितले गेले, आणि धंदा बुडाला नाही. पण ४८ चा आकडा त्यानंतर खाली आलेला नाही. यंत्रे बदलली, संगणक आले, तासाचे काम मिनिटावर आले. वाचलेला वेळ गेला कोठे, असा हिशेब कामगाराने मागायचा नाही काय?

१९९४ साली केलॉग कंपनी आपल्याकडे आली. तळोज्याला तिचा कारखाना निघाला. पण आपल्या लोकांनी सवयीप्रमाणे कडकडीत दूध ओतले आणि पापड्यांचा लगदा झाला. कंपनीला वाटले, या लोकांना खायचे कसे ते कळत नाही. मला वाटते, त्या लोकांना न्याहारी कशाला म्हणतात ते कळत होते. ताजी गरम न्याहारी करायला घरातल्या कोणाला तरी वेळ लागतो. हा वेळ आजवर बाईने दिला. आता ती कामावर जाते, तरीही तोच देते. तिचा वेळ वाचविण्यासाठी डबा विकत घ्या, असे जाहिरात सांगते. तिच्या कामाचे तास कमी करा, घरच्या कामात पुरुषांनी हात लावा, असे कोणतीही जाहिरात सांगणार नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

म्हणून त्या चौथ्या पदार्थाबद्दल मी एवढे बोललो. दूध, धान्य आणि साखर यांच्या भावासाठी आम्ही मोर्चे काढतो, आणि काढलेच पाहिजेत. वेळेचा भाव मात्र आम्ही मागणीपत्रकात सर्वांत खाली लिहितो, आणि वाटाघाटीत सर्वांत आधी सोडतो. बॅटल क्रीकच्या शेवटच्या पाचशे तीस जणांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही. मागणीपत्रके लिहिणारे जे कोणी आज येथे बसले असतील, त्यांनी यंदा तासांची ओळ वर लिहून पाहावी, एवढीच विनंती.

उकाडा वाढला आहे. कृती सोपी आहे. नाचणीचे सत्त्व घरात असेल तर कॉर्नफ्लेक्सच्या जागी ते दुधात पाच मिनिटे शिजवून, निववून घुसळले तरी चालेल. आपण इतका वेळ दिलात, त्याची किंमत मी जाणतो.