सिंधुदुर्ग जिल्हा : किशोर व युवा आरोग्य

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांच्या वयाला किशोरवय आणि १५ ते २४ वर्षांच्या वयाला युवावय मानते. सिंधुदुर्गात या वयाच्या आरोग्याचा विचार स्थलांतर बाजूला ठेवून करता येत नाही. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. त्या वर्षी हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. शिक्षण आटोपले की मुलगे मुंबई नाहीतर गोवा गाठतात. त्यांचे अपघात, व्यसने, आजार बऱ्याचदा तिकडच्याच दप्तरात नोंदले जातात. म्हणून केवळ जिल्ह्याच्या आकड्यांवरून येथील तरुणांची प्रकृती ठरवणे फसवे आहे.

मागे राहणाऱ्या मुलींचा मुख्य प्रश्न रक्तक्षयाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५–१९ वयाच्या मुलींमधील त्याचे प्रमाण २०१५–१६ मधील ५४.१ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ५९.१ टक्क्यांवर गेले. मुलग्यांत ते ३१.१ टक्के होते. मालवण किनाऱ्यावर बांगडा-तिसऱ्या मिळतात, तेव्हा इथे ही चिंता कशाला, असे वाटू शकते. पण पावसाळी मासेमारीबंदीत ताजे मासे कमी होतात, मासिक पाळीतला रक्तस्राव दर महिन्याचा, आणि जेवणालगतचा चहा लोह अंगी लागू देत नाही. शाळांतून आठवड्याला दिली जाणारी लोह व फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. ती जेवणानंतरच द्यावी.

शेतीबागायतीत हातभार लावणाऱ्या मुलांना हंगामी आजारांचा धोका असतो. भातलावणीच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असल्यास धोका वाढतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळला. तो गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याचा हंगाम नेमका काजूच्या हंगामाशी जुळतो.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषणाबरोबर मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीही येते. तरी गावात सगळे ओळखीचे. मनाची तक्रार घेऊन सरकारी दवाखान्याची पायरी चढणे मुलांना जड जाते. २०२२ पासूनची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा त्यांना अधिक सोयीची ठरावी. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे.