गुप्त कृती, उघड दावा : दिल्लीच्या औषधी बाटल्यांचा इतिहास

‘पेटंट औषध’ हा शब्दप्रयोग मुळातच दिशाभूल करणारा आहे. पेटंट मिळवायचे तर आपल्या वस्तूची घडण लिहून द्यावी लागते आणि ठरावीक मुदतीनंतर ती सर्वांना खुली होते. एकोणिसाव्या शतकातील औषधविक्रेत्यांना नेमके हेच टाळायचे होते. त्यामुळे बहुतेक ‘पेटंट’ औषधांचे पेटंट कधी घेतलेच गेले नाही. विक्रेत्यांनी राखले ते नाव, बाटलीचा आकार आणि लेबल. आत काय आहे हे गुपित राहिले आणि ते कशावर चालते हे मात्र वर्तमानपत्रांतून मोठ्या अक्षरांत छापले गेले.

या व्यापाराचा भारताशी संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून नव्हता. ‘क्लोरोडाइन’ हे अत्यंत खपाचे औषध जॉन कॉलिस ब्राउन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८४८ च्या सुमारास भारतात असताना पटकीवर उपाय म्हणून तयार केले. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. साहजिकच वेदना थांबत, जुलाब आटोक्यात येत आणि रोग्याला झोप लागे. पटकीचा जंतू तसाच राही, आणि शरीरातून जाणाऱ्या पाण्याची व क्षारांची भरपाईही होत नसे. पण उतार पडल्याचा अनुभव खरा असे. गुप्त औषधांवरील लोकांचा विश्वास केवळ अज्ञानातून आलेला नव्हता, हे येथे लक्षात घ्यायला हवे. अफूने दुखणे थांबते, रेचकाने पोट साफ होते, अल्कोहोलने हुशारी वाटते. बाळांच्या पोटदुखीसाठी घरोघरी पोहोचलेल्या ग्राइप वॉटरमध्येही एकेकाळी अल्कोहोल असे. शिवाय हिवतापासारखे ताप आपोआप चढतात आणि उतरतात. उतरत्या तापाचे श्रेय आदल्या रात्री घेतलेल्या घोटाला मिळणे अगदी स्वाभाविक होते.

या गुपिताला पहिला मोठा तडा रसायनशास्त्राने दिला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बाजारातील औषधांचे पृथक्करण करवून घेऊन १९०९ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ‘डब्याला एक गिनी मोल’ अशी ख्याती मिरवणाऱ्या बीचमच्या गोळ्यांमध्ये कोरफडीचा वाळलेला रस, सुंठ आणि साबण निघाला. डब्यातील मालाची मूळ किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग, भरली. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने अफू, अल्कोहोल यांसारखे घटक लेबलवर लिहिणे बंधनकारक झाले. वसाहतीतील बाजारपेठेला मात्र असा कोणताच कायदा लागू नव्हता. मुंबई-कलकत्त्याच्या केमिस्टांच्या दुकानांत गोळ्या, मलमे, केशतेल, दंतमंजन, अत्तर आणि सोडावॉटर शेजारीशेजारी मांडलेले असे. औषध कुठे संपते आणि घरगुती वस्तू कुठे सुरू होते, हे ठरवण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती.

दिल्लीतील कथा याच काळात सुरू होते, पण ती इंग्रजी केमिस्टच्या दुकानात नव्हे. १९०६ साली हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी जुन्या दिल्लीत ‘हमदर्द’ दवाखाना काढला. पुढच्याच वर्षी उन्हाळ्याच्या त्रासावर उतारा म्हणून ‘रूह अफ़ज़ा’ हे सरबत तयार झाले. त्याच्या फुलाफळांच्या रंगीत लेबलाची छपाई दिल्लीत होण्यासारखी नव्हती, म्हणून ती मुंबईच्या छापखान्यात करून घेण्यात आली. युनानी परंपरेतील सरबताने विलायती पेटंट औषधांचा सगळा साज, म्हणजे ठरलेले नाव, ठरलेली बाटली आणि नजरेत भरणारे चित्र, आपलासा केला होता. कालांतराने ते औषध म्हणून मागे पडले आणि पेय म्हणून घराघरांत स्थिरावले. तहान भागवण्यापलीकडचा मोठा दावा सोडून दिल्यामुळे त्याचे काहीच बिघडले नाही.

तेथून जवळच, बल्लीमारान भागात, हकीम अजमल खान यांचा ‘हिंदुस्तानी दवाखाना’ होता. त्यांनी औषधविक्रीच्या उत्पन्नाचा उपयोग शिक्षणासाठी केला. करोल बाग येथील तिब्बिया कॉलेजची कोनशिला १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी बसवली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. आधुनिक वैद्यकाचे कठोर टीकाकार असूनही गांधीजींनी त्या भाषणात आधुनिक वैज्ञानिकांच्या संशोधनवृत्तीला आदरांजली वाहिली. हकिमांनी आणि वैद्यांनी ती वृत्ती अंगी बाणवावी, हा त्याचा आशय होता.

त्या अपेक्षेचे उत्तर दहा वर्षांत मिळाले. फ्रांकफुर्ट विद्यापीठातून १९२७ साली डॉक्टरेट घेऊन परतलेले सलीमुज्जमान सिद्दिकी दिल्लीच्या या संस्थेत संशोधन करू लागले. त्यांनी सर्पगंधेच्या मुळ्या हाती घेतल्या. ही मुळी वेडावर आणि सर्पदंशावर शतकानुशतके वापरली जात होती. १९३१ मध्ये सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिच्यातून अनेक अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. त्यांपैकी एकाला, १९२७ च्या अखेरीस निवर्तलेल्या अजमल खान यांच्या स्मरणार्थ, ‘अजमलीन’ हे नाव मिळाले. हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग रोखणारे हे द्रव्य आजही ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयविकाराच्या निदानचाचणीत वापरले जाते. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम रुग्णांच्या नोंदींसह ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याच मुळीतून रेसर्पीन मिळाले. मुळी जुनीच होती. आता तिच्यात काय आहे, किती आहे आणि त्याने काय घडते हे कोणालाही पडताळून पाहता येऊ लागले.

बाजार मात्र आपल्याच वाटेने चालला होता. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक या दराने क्विनाइनच्या पुड्या विकल्या जात. त्यात गुपित काही नव्हते. पण खुल्या बाजारातील भेसळयुक्त क्विनाइनच्या तक्रारी वाढत गेल्या. १९२७ साली दिल्लीत, केंद्रीय विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी औषधांच्या दर्जावर नियंत्रण आणण्याचा ठराव मांडला. त्यातून १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ मध्ये, म्हणजे अजमलीनच्याच वर्षी, आला. औषध कायदा व्हायला मात्र १९४० साल उजाडले, आणि आयुर्वेदिक व युनानी औषधे त्याच्या कक्षेत येण्यास १९६४ पर्यंत वाट पाहावी लागली.

बाटलीतील द्रव्याचा प्रश्न असा मार्गी लागत असताना बाटलीविषयीच्या शब्दांचा प्रश्न शिल्लक होता. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू अशा विकारांवर हमखास इलाजाची जाहिरात करण्यास १९५४ च्या ‘औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायद्याने मनाई केली. त्याला आव्हान देणाऱ्यांमध्ये लाल कुआँ येथील हमदर्द दवाखानाही होता. जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, असा युक्तिवाद झाला. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ व्यापारासाठी केलेली अशी जाहिरात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणात येत नाही. त्याचबरोबर, नियमांद्वारे आणखी रोग यादीत घालण्याचा शासनाचा मोकळा अधिकार आणि जप्तीची सैल तरतूद न्यायालयाने रद्द केली. १९९५ मध्ये ‘टाटा प्रेस’ खटल्यात व्यापारी अभिव्यक्तीलाही संरक्षण मिळाले, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिराती त्याबाहेरच राहिल्या. २०२४ साली दिल्लीत याच न्यायालयापुढे १९५४ च्या कायद्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

या इतिहासाकडे देशी विरुद्ध विलायती अशा वादातून पाहिले तर त्यातील महत्त्वाची गोष्ट निसटते. क्लोरोडाइन आणि बीचमच्या गोळ्या विलायती होत्या, तरी त्यांचे घटक झाकलेले होते. सर्पगंधा देशी होती आणि दिल्लीच्याच प्रयोगशाळेत तिचे गुपित उलगडले गेले. फरक परंपरेचा नव्हता; तपासणीला सामोरे जाण्याच्या तयारीचा होता. आज वर्तमानपत्राच्या जागी मोबाइलचा पडदा आला आहे आणि जाहिरातीची भाषा शंभर वर्षांपूर्वी होती तशीच आहे: सर्व वयांना चालणारे, सर्व विकारांवर गुणकारी, अपाय मुळीच नाही. अशी ओळ समोर आली की वाचकाने तीन साधे प्रश्न विचारावेत. यात काय आहे? किती आहे? आणि ते उपयोगी पडते हे विक्रेत्याखेरीज कोणी तपासले आहे का?