मुहूर्त आणि पट

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांतून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून आणि एस.टी.च्या आगारांतून निवृत्तीचे समारंभ इतक्या मोठ्या संख्येने होतात, की परक्या प्रांतातून आलेल्या माणसास त्याचे नवल वाटावे. शाल-श्रीफळ स्वीकारून घराकडे वळणाऱ्या या शेकडो माणसांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख एकच असते : १ जून. आईला विचारले, तर ती सांगे की हा आखाडात झाला, ओढ्याला पूर आला होता. किंवा हिच्या वेळी ज्वारीची खळी लागली होती. परंतु आईच्या या स्मरणास दप्तरात जागा नव्हती. दप्तरास तारीख हवी होती, आणि ती शाळेत नाव घालण्याच्या दिवशी गुरुजींनी दिली. मुलाचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता येतो का ते पाहिले, बापाला दोन प्रश्न विचारले, आणि नियमात बसेल असे वय धरून रकान्यात १ जून लिहून टाकला. पुढे त्याच तारखेने नोकरी दिली, बढती दिली आणि निवृत्तीही दिली.

या लहानशा प्रघातात मला एक मोठा इतिहास साठवलेला दिसतो. एका सबंध पिढीने शाळेच्या वर्षारंभालाच आपला जन्मदिवस मानले, ही घटना सामान्य नव्हे. कारण सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात शाळेला असा वर्षारंभच नव्हता. तेव्हा आरंभ होत असे तो मुलाचा, आणि प्रत्येक मुलाचा निराळा.

पंतोजींची शाळा म्हणजे कोणाच्या तरी वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, नाही तर खुद्द पंतोजींच्या घराचा सोपा. तिला वर्ग नव्हते, परीक्षा नव्हती, छापील पुस्तक नव्हते. आणि म्हणून वर्षही नव्हते. पाच वर्षांचे मूल ज्या दिवशी येई, त्या दिवशी त्याची शाळा सुरू होई, आणि घरच्यांना पुरेसा वाटेल इतका हिशेब व मोडी वळण हाताला बसले, की ती संपे. एकाच ओसरीवर एक मुलगा धुळपाटीवर काडीने अक्षरे गिरवीत असे, दुसरा पावकी-निमकी घोकीत असे, तिसरा मोडीचा कित्ता काढीत असे, आणि मोठी मुले धाकट्यांकडून सवायकी-दिडकी म्हणून घेत. सुटीचा हिशेबही तिथीवर, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेवर चाले. पंतोजींना धान्य मिळे, सणावाराला शिधा मिळे, आणि नवे मूल आले, की त्याच्या ऐपतीप्रमाणे दक्षिणा मिळे.

या पहिल्या दिवसाचा मुहूर्त फार प्राचीन काळापासून विचारपूर्वक ठरवलेला होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात विद्यारंभासंबंधीची जी वचने एकत्र केली आहेत, त्यांवरून पाचवे वर्ष हे अक्षरग्रहणाचे वय, आणि कार्तिक शुद्ध द्वादशीपासून आषाढ शुद्ध एकादशीपर्यंतचा काळ हा त्याला उचित काळ, असे दिसते. चातुर्मासात, देव निजलेले असताना, नवा आरंभ करावयाचा नाही, ही त्यामागील श्रद्धा. या निषेधाला लोकाचाराने एक सुंदर अपवाद केला, तो विजयादशमीचा. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक असल्यामुळे त्या दिवशी पंचांग पाहण्याचे कारण उरत नसे. म्हणून दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढावी, तिला झेंडूची फुले व आपट्याची पाने वाहावीत, आणि ज्यांच्या घरी नवे मूल असेल त्यांनी त्याचा हात धरून श्रीगणेशा गिरवून घ्यावा, अशी चाल घरोघर रूढ झाली. ती सरस्वती अजूनही काढली जाते.

गिरवण्याच्या पहिल्या शब्दांचा इतिहास तर याहूनही लांबचा आहे. आपण एखाद्या विद्येच्या प्रारंभास तिचा ‘ओनामा’ म्हणतो. हा शब्द ‘ओनामासीधं’ या बालघोषातून आला, आणि तो घोष म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचा मुलांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे, की येथील मुले सहाव्या वर्षी सिद्धमाच्या पाठाने शिक्षणास आरंभ करतात आणि सहा महिन्यांत तो पुरा करतात. बौद्ध, जैन आणि वैदिक या तिन्ही परंपरांची मुले ज्या शब्दावरून अक्षरांच्या प्रदेशात शिरली, तो शब्द खेड्यातल्या ओसरीवर बारा शतके टिकून राहावा, यात या समाजाची अक्षरांविषयीची निष्ठा दिसून येते.

परंतु ही निष्ठा कोणापुरती होती, हा प्रश्न टाळून इतिहास लिहिता येत नाही. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील शाळांची जी गणती झाली, तीत सरकारी व खासगी मिळून सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांवर विद्यार्थी आढळले. इलाख्याची वस्ती मात्र ४६ लाखांहून अधिक होती. म्हणजे दर शाळेस सरासरी वीस-एकवीस मुले. त्यांत मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतले मूलही नव्हते. ज्याला मुहूर्त काढून देणारा कोणी नव्हता, त्याच्यासाठी मुहूर्तही नव्हता. पंतोजींच्या शाळेत जे मूल येई, त्याचा सोहळा होई. जे येत नसे, त्याच्या न येण्याची नोंद कोठेच होत नसे.

ती नोंद होऊ लागली, ती नव्या राज्यव्यवस्थेत. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी डिसेंबर १८२३ मध्ये लिहिलेल्या टिपणात देशी शाळांची संख्या वाढवावी, त्यांची शिकवण्याची रीत सुधारावी आणि त्यांना पुस्तके पुरवावीत, असे मांडले. मुंबईत तयार केलेले शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतील मुख्य गावी रवाना झाले. १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन, १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते, त्यापाठोपाठ डिपुटींच्या तपासण्या, हजेरीपट, दाखल-खारीज रजिस्टर आणि शिरस्त्याप्रमाणे पाठवावयाचे तक्ते, असा सारा सरंजाम ओसरीवरच्या शाळेत येऊन दाखल झाला. तिथीची सुटी जाऊन रविवार आला. सर्वांत दूरगामी ठरली ती ‘इयत्ता’. या शब्दाचा मूळ अर्थ एवढेपणा, परिमाण. पूर्वी मुलाची विद्या त्याच्या स्वतःच्या गतीने वाढे. आता तिला माप आले, आणि एका मापाच्या सर्व मुलांनी एकत्र पुढे सरकावे, अशी योजना झाली. सर्वांनी एकत्र सरकावयाचे, तर सर्वांनी एकत्र निघावयास हवे. शाळेचा वर्षारंभ जन्मास आला, तो या गरजेतून.

या फेरफारात काही हरवले, हे मी नाकारीत नाही. पंचांग पाहून, डोक्यावर नवी टोपी घालून, बत्तासे वाटीत एकट्या मुलाला शाळेत आणण्यात जो जिव्हाळा होता, तो रजिस्टरातल्या अनुक्रमांकात नव्हता. तथापि पटाच्या ठायी एक शक्ती होती, जी मुहूर्ताच्या ठायी कधीच नव्हती. पट सर्वांना दिसतो. त्यात कोणाचे नाव नाही, हेही दिसते. आणि जे नाही ते का नाही, असा जाब सरकारला विचारता येतो.

असा जाब प्रथम विचारला गेला, तो १८५६ च्या जून महिन्यात. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश मिळावा, असा अर्ज मुंबई सरकारकडे गेला. एकट्या मुलासाठी इतर सर्वांच्या भावना दुखवून शाळाच ओस पाडण्याचा धोका पत्करता येत नाही, अशा आशयाचा निर्णय सरकारने दिला, आणि ते मूल बाहेर राहिले. परंतु प्रश्न कागदावर आला होता. तो विलायतेपर्यंत गेला, आणि केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेस भेदाभेद न करता खुल्या राहतील, असे तत्त्व सरकारला १८५८ मध्ये जाहीर करावे लागले. तत्त्व आणि आचार यांत पुढे कित्येक वर्षे व्हरांड्याचे अंतर राहिले. पटावर नाव चढलेले मूल उंबऱ्याबाहेर बसून, कान देऊन शिकत राहिले.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. १८६३ पासून सारावसुलीवर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर बसला आणि त्याचा एक तृतीयांश शाळांकडे जाऊ लागला. ज्या कुणब्याचे मूल गुरामागे होते, तोही आता शाळेचा खर्च देणारा झाला. पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी हे मर्म नेमके ओळखले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि विद्येचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. या मागणीचा खोल अर्थ असा, की शाळेचा आरंभ ही आता एका घरची बाब राहिली नाही, ती अवघ्या गावाची झाली.

तेव्हाही वर्षारंभाचा दिवस आजच्यासारखा पक्का झालेला नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात त्याचा क्रमांक १९१४, आणि नाव भिवा रामजी आंबेडकर. ना जून होता, ना दसरा. त्या दिवशी कोणी तोरणे बांधली नव्हती. आज महाराष्ट्रात तोच दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

सक्तीच्या शिक्षणाचा धडा प्रथम घातला, तो मराठी राजांनी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. मला त्याहून मोठे वाटते, ते त्यांचे १९१९ चे फर्मान. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा येत्या दसऱ्यापासून बंद कराव्यात आणि त्या मुलांना इतरांच्या बरोबरीने सरकारी शाळांत घ्यावे, असा हुकूम त्यांनी सोडला. ज्या दिवशी शतकानुशतके मोजक्या घरांतून सरस्वती पुजली गेली, तोच दिवस त्यांनी सर्वांच्या प्रवेशाचा ठरवला. जुना मुहूर्त आणि नवा पट यांची गाठ महाराष्ट्रात याहून सुंदर रीतीने कधी पडली असेल, असे मला वाटत नाही.

पुढे १९४७ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा आल्या, १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली, आणि शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. वर्षारंभ जूनमध्ये स्थिरावला, याचे कारण आपल्या ऋतूंत आहे. वैशाखाचे ऊन ओसरले, पहिला पाऊस पडून गेला, की शेतात पेरणीची पाभर आणि गावात शाळेची घंटा एकाच सुमारास चालू लागतात. विदर्भात ऊन उतरावयास वेळ लागतो, म्हणून तेथे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. याच काळात गुरुजी घरोघर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करीत. आणि ज्यांच्या जन्माचा कागद कोठेच नव्हता, त्यांना शाळेने स्वतःचा दिवस देऊ केला. शासनाच्या दप्तरात ज्यांच्या कुळात आजवर कोणाचे नाव नव्हते, त्यांचे नाव प्रथम त्या पटावर लागले. तारीख खोटी होती. पण दप्तराच्या जगात त्यांचा जन्म खरोखरच त्या दिवशी झाला.

आता शाळेचा पहिला दिवस प्रवेशोत्सव म्हणून साजरा होतो. दाराला आंब्याचे टहाळे, अंगणात रांगोळी, लेझमीच्या तालावर गावातून फेरी, सजवलेल्या बैलगाडीतून पहिलीची मुले. त्यांची पावले कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवून घेतात, हाती नवी पुस्तके देतात, आणि दुपारी पंक्तीला गोड घास वाढतात. हे पाहताना मला वाटते, की पटाने मधल्या काळात जो जिव्हाळा गमावला होता, तो या निमित्ताने परत येत आहे. पूर्वी एका मुलाचे कौतुक एक घर करी. आता सर्व मुलांचे कौतुक गाव करते.

परंतु हे कौतुक किती महिने टिकते, याची कसोटी पुन्हा दसऱ्यालाच लागते. मराठवाड्यात आणि नगरकडे दसरा उलटला, की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि जूनमध्ये ज्यांची पावले कागदावर उमटवून घेतली, त्यांतील कित्येक मुले बैलगाडीतच बसून गाव सोडतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. तरी फडात पाचट गोळा करणारे मूल अजून दृष्टीस पडते. जुन्या काळी असे मूल कोणाच्याच मोजणीत नव्हते. आज त्याचे नाव पटावर आहे, आणि रोज सकाळी गुरुजी हजेरी घेताना त्या नावापाशी थांबतात. उत्तर येत नाही. ते उत्तर यावे म्हणून धारवाडच्या अर्जापासून कोल्हापूरच्या फर्मानापर्यंत इतक्या माणसांनी इतका यत्न केला. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही ते नाव ‘हजर’ म्हणेल, तेव्हाच जूनमध्ये आपण बांधलेले तोरण सार्थ झाले, असे मी समजेन.