वंगणाकडून रबराकडे : गाडीच्या बुशची गोष्ट

गाडी जुनी झाली की बोलायला लागते. स्पीडब्रेकरवरून हळू जाताना पुढच्या चाकापाशी ‘टक्’ होते, ब्रेक दाबला की स्टिअरिंगला हिसका बसतो, हायवेवर गाडी एका बाजूला ओढते. तुम्ही गॅरेजमध्ये नेता. मेकॅनिक गाडी वर उचलतो, पहार घालून चाकाला धरणारा आर्म हलवून दाखवतो आणि सांगतो, ‘कंट्रोल आर्मची बुशिंग्ज गेली.’ पुण्या-कोल्हापुरातला मिस्त्री यालाच ‘बुश गेले’ म्हणतो. मग कागदावर आकडा येतो आणि घरी चर्चा सुरू होते : पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करायचा का?

अमेरिकेतल्या गाड्यांचे सरासरी वय आता बारा वर्षांच्या पुढे गेले आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात कधी ना कधी येणार. उत्तर देण्याआधी या मुठीएवढ्या वस्तूचा इतिहास जरा पाहा. बुश गुपचूप का झिजतो, आणि नवा घातलेला बुश कधी कधी वर्षभरातच का फाटतो, ही दोन्ही कोडी त्यातूनच सुटतात.

चाक खड्ड्यात गेले की खाली-वर होते आणि त्याला धरणारा आर्म दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. बिजागरीत लोखंडावर लोखंड घासले की झीज आली, कुरकुर आली. आपल्याकडे बैलगाडी कुरकुरू लागली की आसाला वंगण घालत. गाडीवानाला ते कुणी शिकवावे लागत नसे. सुरुवातीच्या मोटारींचेही तसेच होते. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पाट्यांच्या सांध्यांना हाताने तेल-ग्रीस द्यावे लागे. १९२७ साली आलेल्या मॉडेल एमध्येही चासीच्या अनेक सांध्यांना दर ५०० मैलांनी ग्रीस द्यायची सूचना होती. तुमच्या रोजच्या कम्यूटच्या हिशोबाने पाहा : दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडीखाली शिरायचे!

हे काम सोपे करण्यात शिकागोच्या आर्थर गुलबोर्गचा मोठा वाटा. १९१० च्या दशकात त्याने जोराच्या दाबाने ग्रीस भरणारी पिचकारी केली. ती ‘अलेमाइट’ नावाने देशभर गेली. पुढे ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्कने तिच्यासाठी छोटे सुटसुटीत तोंड बनवले. अमेरिकन मेकॅनिक त्याला आजही ‘झर्क’ म्हणतात, भारतात आपण ‘निपल’ म्हणतो. पण सोपे झाले तरी काम उरलेच होते.

ते नाहीसे केले रबराने. चार्ल्स गुडइयरला मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ होते, हे सापडले होते. (१८४४ साली पेटंट मिळूनही १८६० मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेतच वारला.) मात्र रबर लोखंडाला कायमचे चिकटवणे ही वेगळी अडचण होती. त्या कामात पेनसिल्व्हेनियातल्या ईरीच्या ह्यू लॉर्ड या पेटंट वकिलाचे नाव घेतले जाते. १९२४ साली त्याने सुरू केलेली कंपनी धातूला चिकटवलेल्या रबराच्या वस्तूंसाठीच ओळखली गेली.

गाडीत रबराचा गाजावाजा झाला तो १९३१ मध्ये. क्रायस्लरने प्लिमथ गाडीचे इंजिन रबराच्या आधारांवर बसवले, त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ असे नाव दिले आणि चार सिलिंडरची थरथर आत बसलेल्यांपर्यंत पोहोचत नाही अशी जाहिरात केली. या क्रायस्लरचे आपल्याशीही नाते आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात याच कंपनीच्या डॉज-प्लिमथ गाड्या जुळवल्या. पद्मिनी नंतरची.

१९३४ पासून जनरल मोटर्स आणि इतरांनी पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. प्रवास सुखाचा झाला, पण हलणारे सांधे वाढले. त्यातले बरेच आधी धातूचेच होते आणि त्यांना ग्रीस लागे. हळूहळू तिथे रबर आले. १९६१ च्या फोर्डची जाहिरात ३०,००० मैलांतून एकदा ग्रीस द्या, अशी होती. ५०० वरून ३०,०००! आजच्या बहुतेक गाड्यांच्या खाली एकही निपल सापडत नाही.

यात फायदा आपलाच झाला. पण एक गोष्ट हातची गेली. ग्रीस देणारा माणूस दर काही आठवड्यांनी प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहत असे. रबर काही मागत नाही, म्हणून कुणी बघतही नाही. ते मात्र आपल्या गतीने म्हातारे होत असते : इंजिनाची उष्णता, हवेतला ओझोन, वरून ठिबकणारे ऑइल यांनी ते कडक होते, तडकते, सुटते. वंगण संपले की कुरकुर लवकर कानावर येई. रबराचे दुखणे आपल्याला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आता दुसरे कोडे. रबरी बुशमध्ये बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे चिकटलेले रबर असते. आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला घट्ट धरलेली असते. आर्म हलतो तेव्हा जुन्या धातूच्या बुशसारखे काही घसरत नाही. रबर पिळवटते आणि परत येते. म्हणून बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचे वजन चाकांवर असताना, किंवा आर्मला जॅक लावून तेवढ्याच उंचीवर आणल्यावर. चाके लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट कोणत्याही स्थितीत आवळावा, ही धातूच्या बुशच्या काळातली सवय आहे. गॅरेजमध्ये एवढे एक जरूर विचारा. पॉलियुरेथेनचे बुश घालणार असाल, तर त्यातले बरेचसे आतल्या नळीवर फिरतात आणि त्यांना ग्रीस लागते. म्हणजे तुम्ही पुन्हा वंगणाच्या काळात आलात.

घरी करायचे असेल तर गाडी जॅकस्टँडवरच ठेवा, नुसत्या जॅकवर कधीही नाही. तुमच्या गाडीची स्प्रिंग आर्मवर दाबून बसवलेली असेल, तर हात लावू नका; ती सुटली तर जीव घेऊ शकते. जुना बुश काढायला प्रेस लागते, म्हणून बरेच जण नव्या बुशसकट आख्खा आर्मच बदलतात. मजुरी धरली तर अनेकदा तेच स्वस्त पडते. काहीही केले तरी नंतर अलाइनमेंट हवीच, नाहीतर नवे टायर एका कडेने खाऊन जातील.

खर्च करायचा की नाही, हे शेवटी तुमच्या गाडीच्या गंजावर आणि इंजिनावर ठरेल. सांगाडा धड असेल, तर बुशसाठी गाडी मोडीत काढू नका. आणि कॉलेजला निघालेल्या मुलाच्या हाती तीच गाडी देणार असाल, तर आधी बुश बघून घ्या. जोरात ब्रेक मारल्यावर चाक जागच्या जागी राहते, ते याच रबराच्या भरवशावर. पुढच्या वेळी ऑइल बदलायला जाल तेव्हा गाडी वर असतानाच खाली डोकवा. पूर्वी ग्रीसवाला आपल्यासाठी जे बघत होता, ते आता आपल्यालाच बघायचे आहे.