अंडे अडणे (बदक)

बदकाच्या मादीच्या पोटात तयार झालेले अंडे वेळेवर बाहेर न पडता अंडवाहिनीतच थांबून राहणे. गाय-म्हैस अडते तसे बदकही अडते. फरक एवढाच, की गाय अडली तर गोठ्यात चार माणसे जमतात आणि बदकाकडे संध्याकाळपर्यंत कोणाचे लक्षही जात नाही. चोवीस तासांच्या आत सुटका झाली तर मादी बहुधा वाचते. दुसरा दिवस उलटला की आशा झपाट्याने कमी होते.

पक्ष्यांच्या मादीत बहुधा डावा अंडाशय आणि डावी अंडवाहिनी एवढीच कामाची असते. बलक अंडवाहिनीत उतरल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत सुमारे एक दिवस जातो आणि त्यातला बराचसा वेळ कवच चढण्यातच खर्ची पडतो. बदकाचे अंडे साधारण ६५ ते ८० ग्रॅमचे असते. त्याच्या कवचाला अडीच ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. खाण्यातून ते मिळाले नाही तर मादी ते स्वतःच्या हाडांतून काढते. रक्तातले कॅल्शियम उतरले की दुहेरी पंचाईत होते. कवच मऊ राहते, आणि अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच हवे असल्याने त्यांचा जोर ओसरतो. हौसेने पाळलेले बदक पाव, भात आणि पोळीच्या तुकड्यांवर वाढवले जाते, हे त्यामागचे नेहमीचे कारण. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी तयार केलेली खाकी कॅम्पबेल ही जात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ शकते. अशा मादीला पावाचे तुकडे घालणे म्हणजे तिच्या हाडांवर उधारी चालवणे होय. याखेरीज पहिलटकर मादी, दोन बलकांचे मोठे अंडे, अंगावर चढलेली चरबी, गॅलरीतले बिनउन्हाचे जिणे आणि अंडवाहिनीचा जुना संसर्ग हीही कारणे असतात.

बदके बहुधा पहाटे, उजाडण्याच्या सुमारास अंडी घालतात. रोज घालणाऱ्या मादीचे अंडे दुपारपर्यंत दिसले नाही तर आधी हौदाचा तळ आणि कुंपणाकडेची झुडपे पाहावीत. बदक पोहता पोहता पाण्यातही अंडे टाकते, आणि मुंगूस-कावळ्यांना मालकाच्या आधी जाग आलेली असते. दुसरी गफलत खुडूक मादीबाबत होते. खुडूक बसलेली मादी घरट्यात चपटी होऊन निवांत बसते आणि हात नेला की पिसे फुलवून फुसकारते. अडलेली मादी एका जागी ठरत नाही. ती घरट्यात जाते, उठते, पुन्हा जाते. पेंग्विनसारखी ताठ उभी राहते. श्वासागणिक तिची शेपटी खालीवर होते. विष्ठा, मूत्र आणि अंडे यांना बाहेर पडायला एकच दार (अवस्कर) असल्याने विष्ठाही तुंबते किंवा पाण्यासारखी थोडी थोडी येते. अडकलेल्या अंड्याने नस दाबली गेली तर मादी लंगडते. छातीच्या हाडाचे टोक आणि अवस्कर यांच्यामध्ये दोन बोटे हलकेच टेकवली तर कित्येकदा गोट्यासारखे अंडे लागते; मऊ कवचाचे मात्र हाताला कळत नाही.

घरी करण्याजोगे थोडेच आहे. मादी मान टाकून पडली असेल तर तेही न करता थेट दवाखाना गाठावा. एरवी टबात तिच्या पोटापर्यंत येईल एवढे कोमट पाणी घ्यावे. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी कोपर बुडवून पाहतात, तसे पाहून घ्यावे. छातीखाली हात देऊन तिला पंधरा-वीस मिनिटे त्यात ठेवावे, नीट पुसावे आणि उबदार, अंधाऱ्या, बिनगोंगाटाच्या खोक्यात बसवावे. उबेसाठी दिवा लावायचा तर खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे उकडले तर तिला सरकता येईल. अवस्कराच्या बाहेरच्या कडेला पेट्रोलियम जेली लावावी. बोट आत घालू नये. तासाभराने पुन्हा एकदा शेक देता येतो. कॅल्शियमचे औषध पशुवैद्याला मात्रा विचारून, चोचीच्या कडेने थेंब थेंब द्यावे. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असल्याने ओतलेले औषध फुप्फुसात जाते. एरंडेल पाजण्याचा सल्ला हमखास मिळतो. ते आतड्यात जाते, अंडवाहिनीत नव्हे. तेव्हा त्याने अंडे सुटणार कसे?

पोट दाबून अंडे पुढे सरकवणे आणि आतच ते फोडणे, हे दोन उपाय अडलेल्या अंड्याइतकेच घातक आहेत. कवचाच्या धारदार कपच्या अंडवाहिनी चिरतात आणि आत संसर्ग होतो. मायांगासारखा लालसर गोळा बाहेर आलाच, तर तो सलाईनने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडाखाली ठेवून मादीला लगेच वेगळे करावे. इतर बदके त्यावर टोचे मारतात. घरातली वेदनाशामक गोळीही देऊ नये. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने भारतातली गिधाडे कशी संपत आली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी का आली, हे आठवावे.

पशुवैद्य क्ष-किरण चित्र काढून अंडे कुठे आहे आणि किती मोठे आहे ते पाहतो. कॅल्शियमचे इंजेक्शन, सलाईन आणि वाट मोकळी असेल तरच अंडवाहिनी आकुंचन पावण्याचे औषध, असा क्रम असतो. वाट बंद असताना तसे औषध दिले तर अंडवाहिनी फाटू शकते. एवढ्याने भागले नाही तर सुईने अंड्यातला द्रव ओढून कवच मिटवतात. शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-शेळ्यांची रीघ असते, बदक क्वचितच येते. म्हणून शेवटचे अंडे केव्हा घातले, त्याचे कवच कसे होते, खायला काय घालता आणि विष्ठा केव्हापासून बंद आहे, एवढे लिहूनच न्यावे.

एकदा अडलेली मादी पुन्हा अडू शकते. तिला अंडी देणाऱ्या पक्ष्यांचे खाद्य सुरू करावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. लागेल तेवढा ती स्वतः खाते. रोज ऊन आणि पोहायला पाणी मिळावे. काही आठवडे अंडी थांबवायची असतील तर रात्रीचा दिवा बंद करून दिवस लहान करावा. उपचार चालू असताना आणि त्यानंतरही काही दिवस तिची अंडी खाऊ नयेत. किती दिवस ते औषधावर ठरते, तेव्हा दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्यावे.