रामन यांच्या अटी आणि दिवसापुरतं टेबल

मागच्या शनिवारी तारापूरला मावशीकडे गेलो होतो. बोईसरला ट्रेनमधून उतरलो तेव्हा डोक्यात नुसतं जेवण होतं (मावशीच्या हातचं बोंबलाचं कालवण, और क्या!). पण मावसबहीण गप्प गप्प. पोरीने यंदाच पीएच.डी.ला प्रवेश घेतलाय. खोदून विचारल्यावर म्हणाली, "दादा, लॅबमध्ये घेतलंय रे मला, पण मी तिथे आहे असं वाटतच नाही."

गाईड म्हणतात, पेपर वाचून ये. कसा वाचायचा ते कोणी सांगत नाही. बाकीच्यांना ते घरूनच येतं म्हणे. हिचे बाबा एमआयडीसीत शिफ्टला जातात.

मग मी तिला कमलाबाईंची गोष्ट सांगितली. अर्धी तिला माहीत होतीच, सगळ्यांनाच असते.

कमला भागवत, म्हणजे नंतरच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची आयआयएस्सी) अर्ज केला. उत्तर: नाही. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून जेमतेम तीन वर्षं झालेली. कारण एकच, मुलगी आहे. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन रामनसमोर उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही. गाईड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम. आणि मुलांचं लक्ष विचलित करायचं नाही!! आमच्या कंपनीतलं प्रोबेशन यापुढे फारच प्रेमळ वाटतं.

वर्षभराने रामन यांचं मत बदललं आणि तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. गोष्ट नेहमी इथे संपते. टाळ्या.

मला मात्र पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांचे गाईड श्रीनिवासय्या अत्यंत कडक. पण त्यांनी नुसतं राबवून घेतलं नाही. जीवरसायनशास्त्रातलं जुनंनवं मूळ संशोधन वाचायला लावलं आणि ते लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करायला लावलं. म्हणजे जे बहिणीला कोणी सांगत नाहीये, तेच. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तिथे डेरेक रिक्टर यांनी दिवसा काम करायला आपल्याकडचं एक टेबल दिलं. रात्री त्याच टेबलावर ते स्वतः झोपत असं सांगतात. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी सापडलं. प्रबंध उणापुरा ४० पानांचा, पीएच.डी. १९३९ साली. (विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या 'पहिल्या' भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात, पण जानकी अम्माल यांनी ती मिशिगनमधून १९३१ मध्येच मिळवली होती. असो.)

"पण दादा, त्यांचे बाबा?" बहिणीने बरोबर नस पकडली. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. धाडस कमलाबाईंचंच, त्यात वाद नाही. पण संशोधन म्हणजे काय हे त्यांना जेवणाच्या पानावरच कळत होतं. हिला ते कोण सांगणार? माझं बी.ई. इथे काही कामाचं नव्हतं, मी आयुष्यात एक धड पेपर वाचलेला नाही.

सकाळी नीरा प्यायला बाहेर पडलो. तेव्हा आठवलं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक असताना कमलाबाईंनी नीरेवरच काम केलं होतं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा उपयोग होतो का हे बघायला. त्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आमच्या पट्ट्यात ताडावर चढणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. नीरा उन्हाआधी उतरवली नाही तर आंबते, हे त्यांच्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. त्यातलं कोणी उद्या लॅबमध्ये पोचलं, तर पेपर कसा वाचायचा हे त्यालाही कोणीतरी शेजारी बसून शिकवावंच लागेल.

घरी आल्यावर बहिणीने लॅपटॉप उघडला. तिला न कळलेल्या पेपरच्या लेखिकेला चार प्रश्नांचा मेल लिहिला आणि माझ्याकडून फक्त स्पेलिंग तपासून घेतलं. रविवारी रात्री पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.